उन्हाळी वर्गाचं दप्तर

आपल्या वर्गाची सर्वांत जुनी वही माझ्यासमोर आहे. दोनशे पानी, रेघांची, निळ्या पुठ्ठ्याची. पुठ्ठ्याचा एक कोपरा वाळवीनं खाल्लाय आणि शिवण सुटल्यामुळे मधली पानं हातात येतात. पहिल्या पानावर मास्तरांच्या तिरक्या अक्षरात, पेन्सिलीनं लिहिलंय: ‘सोमवार, ४ एप्रिल. ईस्टरचा दुसरा दिवस. नावं घेतली. मुलं ११. व्हायोलिनं ४. बाकीच्यांनी तोंडानं सूर म्हणायचे.’ त्याखाली अकरा नावं. साल नाही.

यंदा वर्गाला पहिल्यांदाच स्वतःची खोली मिळते आहे. त्या निमित्तानं निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहायचं काम समितीनं माझ्याकडे दिलं, कारण वर्गाच्या जुन्या वह्या ठेवलेल्या ट्रंकेची किल्ली माझ्याकडे असते. इतिहास म्हटला की आधी स्थापनेचं साल लागतं आणि नेमकं तेच वहीत नाही. म्हणून जुन्या वर्षांची कॅलेंडरं मांडून बसलो. ४ एप्रिलला सोमवार आणि आदल्या दिवशी ईस्टर, असा योग गेल्या पन्नास वर्षांत तीनदाच आला: १९८३, १९८८ आणि १९९४. या तिन्हींपैकी एका वर्षी आपला वर्ग सुरू झाला, एवढं खात्रीनं सांगता येतं. पहिल्या अकरांपैकी ज्यांना भेटता आलं त्यांतल्या एकीच्या मते १९८३, दुसऱ्याच्या मते १९८८. दोघंही ठाम आहेत. मुखपृष्ठावर म्हणून साल छापलेलं नाही, आणि मला तो निर्णय योग्य वाटतो. चुकीचं साल एकदा छापलं की ते पुढच्या पन्नास वर्षांत कुणी पुसू शकत नाही.

मुलांची नावं या अंकाच्या शेवटच्या पानांवर आहेत, जेवढी सापडली तेवढी सगळी. या लेखात मी आपल्यापैकी कुणाचंच नाव घेत नाही. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं राहिलं, असं व्हायला नको.

हा वर्ग वसईजवळच्या नायगावात का निघाला, याचं उत्तर वहीत नाही पण गावात आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती. त्या दोनशे वर्षांत चर्चच्या निमित्तानं लिहून वाजवायचं संगीत या किनाऱ्यावर आलं आणि किल्ला पडल्यावरही राहिलं. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत काय घडलं हे आपल्याला आज कळतं, कारण त्या मोहिमेतली पत्रं पेशवे दप्तरात टिकली. त्याच गावांत त्याच काळात चर्चमध्ये कोण गात होतं, कोण वाजवत होतं, ते मात्र कुणी दप्तरात ठेवलं नाही. आपल्याकडे लढाईचे कागद राहिले, गाण्याचे गेले. इतिहासकार विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यावरून कागद गोळा करत होते. वाजंत्र्यांच्या ट्रंका उघडायला असा कुणी राजवाडे मिळाला असता, तर आज माझ्यासारख्याला कॅलेंडरं मांडायची वेळ आली नसती.

आमच्या लहानपणी संगीत म्हणजे बँड. लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणायला विहिरीवर जायचं, तेव्हा पुढे ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट, मागे मोठा ढोल. गावच्या सणाला मिरवणुकीत तोच बँड. या बँडवाल्यांपैकी पुष्कळजण कानानं वाजवत. ज्यांना कागदावरच्या नोटा वाचून वाजवता येई ते सकाळच्या लोकलनं मुंबईला जात आणि फिल्मच्या स्टुडिओत बसत. आपले मास्तर तसेच गेले होते. सेकंड व्हायोलिनच्या रांगेत ते वर्षानुवर्षं बसले, किती गाण्यांत वाजवलं याची त्यांनाही मोजदाद नव्हती. तबकडीवर संगीतकाराचं नाव, गायकाचं नाव, कंपनीचं नाव. वाजवणाऱ्यांचं नाव छापायची रीत नव्हती. निवृत्त होऊन घरी बसल्यावर त्यांनी सांगितलं की बँडवाल्यांच्या पोरांना कागद वाचायला शिकवायचं, तेही सुट्टीतच, कारण शाळेच्या दिवसांत आईबाप पाठवायचे नाहीत. वर्गाचं मूळ एवढंच आहे.

कागद वाचायला शिकवणं ही गोष्ट छोटी वाटते, म्हणून थोडं थांबून सांगतो. गोव्यात चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांमधून मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारे मास्तर, मुलांना सोल्फा, म्हणजे सूर नावांनिशी म्हणणं, शिकवत. मुलगा आधी सूर म्हणायला शिके, मग हातात व्हायोलिन येई. मास्तरांचं ‘तोंडानं सूर म्हणायचे’ हे त्याच परंपरेतलं. या शाळांतून तयार झालेली मुलं मुंबईत आली, आणि विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत हिंदी-मराठी चित्रपटांचा वाद्यवृंद मोठ्या प्रमाणात त्यांनीच उभा केला. गाण्याची चाल कुणाचीही असो, चाळीस माणसांनी एकत्र वाजवायचं तर चाळीस कागद लागतात आणि ते वाचणारी चाळीस माणसं लागतात.

या माणसांमधलं एक नाव आपल्या मुलांना माहीत असायला हवं: अँथनी गोन्साल्विस. १९७७ च्या चित्रपटातलं गाणं सगळ्यांना येतं, माणूस कमी जणांना माहीत. १९२७ साली गोव्यात माजोर्ड्याला जन्म, मुंबईत व्हायोलिनवादक, अॅरेंजर आणि शिक्षक. प्यारेलाल शर्मा त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि पुढे त्यांच्याच नावाचं गाणं करून त्यांनी गुरूचं ऋण मानलं. १९५८ मध्ये गोन्साल्विसांनी मुंबईत ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात शंभरावर वादक बसले, लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले, आणि रागांवर आधारलेल्या, पूर्ण लिहून काढलेल्या रचना वाजल्या. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, नंतर माजोर्ड्याला परतले आणि २०१२ मध्ये वारले. त्या शंभरावर वादकांनी शेजारी कोण बसलं होतं, कोणत्या तालमीला काय चुकलं, हे कुठे लिहून ठेवलं असेल तर ते त्यांच्या नातवंडांच्या माळ्यावर असेल. मला १९५८ हे साल महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षीची दुसरी एक गोष्ट पुढे येते.

मुलांचा वाद्यवृंद ही कल्पनाही मराठी माणसाला परकी नाही. मंगेशकर कुटुंबीय मुंबईत मुलांसाठी सुरेल कला केंद्र चालवत होते. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा दोघं पोरवयात तिथेच भेटले. त्यांची घरची परिस्थिती पाहून लताबाईंनी त्यांची नावं मोठ्या संगीतकारांना सुचवली. पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गोव्यात अंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये संगीत अकादमी काढली, तीही तरुण वादकांसाठीच.

पण मास्तरांनी आपल्या वर्गाची घडी बसवली ती एका वेगळ्याच ठिकाणाकडे बघून. त्यांच्या ट्रंकेत इंग्रजी मासिकातलं एक कापलेलं पान होतं: हिरवळीवर पसरलेली माणसं, मागे एक प्रचंड उघडी शेड. फोटोखाली टँगलवूड हे नाव. मास्तर ते पान दरवर्षी पहिल्या दिवशी मुलांना दाखवत आणि म्हणत, “हीपण शेडच आहे.” आपला वर्ग शाळेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा, म्हणून ते वाक्य. त्या ठिकाणाचा इतिहास या स्मरणिकेत यायला हवा असं मला मनापासून वाटतं, कारण आपण त्यांचा कित्ता गिरवला आणि एका बाबतीत तो गिरवायचा राहून गेला.

टँगलवूड अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिमेला, बर्कशायरच्या डोंगराळ भागात आहे. १९३४ च्या ऑगस्टमध्ये त्या भागात उघड्यावर मैफली सुरू झाल्या. गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ नावाच्या बाई या उत्सवाच्या मागे होत्या. १९३६ पासून बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रा तिथे वाजवू लागला आणि १९३७ मध्ये टँगलवूडची जागा त्यांना देणगी मिळाली. त्या वर्षी मैफल तंबूत होती. १२ ऑगस्ट १९३७ ला वाग्नरच्या रचना चालू असताना असं वादळ आलं की तंबूवरच्या पावसापुढे वाद्यं ऐकू येईनात. वाजवणं थांबवावं लागलं. रॉबिन्सन स्मिथबाई मंचावर गेल्या आणि भिजलेल्या श्रोत्यांना म्हणाल्या की पक्कं छप्पर हवं, पैसे द्या. तिथल्या तिथे वर्गणी जमू लागली. वळवाच्या पहिल्या सरीला आपल्या पत्र्यावर जो आवाज होतो तो ज्यांनी ऐकलाय, त्यांना या प्रसंगात काही समजावून सांगावं लागणार नाही. आपले दोन समारोप असेच मध्येच थांबलेत.

छप्पर बांधायचं काम एलिएल सारिनेन या मोठ्या वास्तुविशारदाकडे गेलं. त्यांच्या आराखड्याचा खर्च परवडेना. काटछाट करता करता त्यांनी कळवलं की ठरलेल्या पैशातच बसवायचं असेल तर तुम्हाला निव्वळ शेड मिळेल, आणि ती बांधायला वास्तुविशारद लागत नाही. मग जोसेफ फ्रान्झ या स्थानिक इंजिनिअरनं ती बांधली. ४ ऑगस्ट १९३८ ला बेथोवेनच्या नवव्या सिम्फनीनं तिचं उद्घाटन झालं. पाच हजारांवर माणसं आत बसतात, आणि आजही तिला शेडच म्हणतात.

बॉस्टनच्या ऑर्केस्ट्राचे प्रमुख होते सर्गेई कुसेवित्स्की. मूळचे रशियातले, आणि मूळचे डबल बेस वाजवणारे. डबल बेस हे मागे उभं राहून वाजवायचं वाद्य; त्यातून पुढे येऊन शंभर माणसांचं नेतृत्व करणारे फार थोडे. मैफली चालू असताना त्यांच्या मनात शाळा होती. ८ जुलै १९४० ला बर्कशायर म्युझिक सेंटर उघडलं, तेव्हा तीनशेच्या वर विद्यार्थी आले होते. शिकवायला आरन कोपलंड आणि पॉल हिंडेमिट यांच्यासारखे संगीतकार. पद्धत अशी की शिकाऊ मुलांचा स्वतंत्र ऑर्केस्ट्रा करायचा, त्यांना बॉस्टनच्या वादकांनी शिकवायचं, आणि आठवड्याभरात खऱ्या श्रोत्यांसमोर वाजवायला बसवायचं. आपल्याकडे दर शनिवारी संध्याकाळी आईबापांसमोर वाजवायची रीत मास्तरांनी इथूनच उचलली. शाळेच्या उद्घाटनासाठी रँडल थॉम्पसन यांनी ‘अलेलुया’ लिहिलं. जूनमध्ये फ्रान्स पडलं होतं, त्यामुळे जल्लोषाचं काही लिहावं असं त्यांना वाटेना, म्हणून रचना संथ झाली. कागद कार्यक्रमाला जेमतेम तासभर उरलेला असताना पोचले, आणि मुलांनी ते तेवढ्या वेळात बसवून म्हटलं. शाळेच्या उद्घाटनाला ते म्हणायची प्रथा तिथून पडली. त्या पहिल्या तुकडीत कंडक्टिंग शिकायला आलेल्या पोरांमध्ये एकवीस वर्षांचा लेनर्ड बर्नस्टाईन होता.

मला सर्वांत जास्त आवडते ती १९४२ ची गोष्ट. अमेरिका युद्धात उतरली होती, पेट्रोलची टंचाई होती, डोंगरात गाडीनं येणार कोण म्हणून विश्वस्तांनी उन्हाळी उत्सव रद्द केला. कुसेवित्स्कींनी शाळा बंद करायला नकार दिला. त्यांची पत्नी नतालिया त्याच वर्षी वारली होती. तिच्या स्मरणार्थ काढलेल्या निधीतून त्यांनी शाळा चालवली आणि मुलांच्याच ऑर्केस्ट्राकडून मैफली करून घेतल्या. त्या उन्हाळ्यात शोस्ताकोविचची लेनिनग्राड सिम्फनी रशियातून मायक्रोफिल्मवर तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेत पोचली होती. कंडक्टर तोस्कानिनींनी जुलैत ती रेडिओवरून वाजवली. पण अमेरिकेत श्रोत्यांसमोर मैफलीत ती पहिल्यांदा वाजवली ती १४ ऑगस्ट १९४२ ला टँगलवूडच्या शिकाऊ मुलांनी. पाचच दिवस आधी, ९ ऑगस्टला, वेढलेल्या लेनिनग्राडमध्ये उपाशी वादकांनी तीच सिम्फनी वाजवली होती. त्याच पहाटे मुंबईत गांधीजींना अटक झाली. आपल्याकडे ९ ऑगस्ट म्हटलं की एकच चित्र डोळ्यांसमोर येतं. त्या तारखेला जगात आणखी एका ठिकाणी माणसं हट्टानं एकत्र बसली होती.

१९४३ ते १९४५ शाळा बंदच राहिली. १९४६ मध्ये ती उघडली आणि त्याच उन्हाळ्यात संगीतकार ब्रिटन यांच्या ‘पीटर ग्राइम्स’ या ऑपेराचा अमेरिकेतला पहिला प्रयोग तिथे झाला, तोही विद्यार्थ्यांचा, बर्नस्टाईनच्या हाताखाली. १९५१ मध्ये कुसेवित्स्की गेले. पुढची दशकं मी इथे भरभर ओलांडतो, पण एका उन्हाळ्याशी थांबतो.

तो १९५८ चा. मुंबईत गोन्साल्विस आपला ऑर्केस्ट्रा उभा करत होते त्याच वर्षी मुंबईतला एक बावीस वर्षांचा मुलगा टँगलवूडला शिकायला गेला: झुबिन मेहता. तिथल्या कंडक्टिंगच्या स्पर्धेत पहिला आला क्लाउदिओ अबादो, दुसरा झुबिन. दोघेही पुढे जगातल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांचे प्रमुख झाले. झुबिनचे वडील मेहली मेहता व्हायोलिन वाजवत. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला होता. पुढे तेही परदेशी गेले आणि १९६४ मध्ये लॉस एंजलीसला त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी सुरू करून तीसहून अधिक वर्षं तरुण वादक घडवले. मुंबईच्या माणसानं घडवलेली पोरं तिकडे वाजवत राहिली. आपल्याकडे पुढची मोठी पायरी यायला २००६ उजाडलं. त्या वर्षी एन.सी.पी.ए. मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, आणि त्यातही सुरुवातीला बहुतेक वादक बाहेरून आणावे लागले. चर्चगेटच्या पलीकडे नरिमन पॉइंटला जाऊन आपल्या मुलांनी तो ऐकला त्या दिवशी मास्तर परतीच्या गाडीत भाईंदरपर्यंत काही बोलले नाहीत. मग खाडीचा पूल लागल्यावर म्हणाले, “त्या खुर्च्या आपल्या पोरांच्या आहेत.”

आता मघाशी म्हटलं ते, कित्ता गिरवायचा राहून गेला ते. टँगलवूडची ही सगळी हकिगत मी तारीखवार सांगू शकलो, कारण तिथे कागद ठेवले गेले. कोणत्या दिवशी काय वाजलं, कोण वाजवायला होतं, छापील कार्यक्रमपत्रिका, पत्रव्यवहार, फोटो, ध्वनिमुद्रणं. १९५८ चा तो मुलगा पुढे झुबिन मेहता होणार हे त्या उन्हाळ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याचं नाव इतर सगळ्या मुलांबरोबर लिहिलं गेलं, एवढंच. दप्तर असं चालतं. पुढे कोण मोठा होईल हे बघून नोंद करता येत नाही. सगळ्यांची करावी लागते, शेवटच्या खुर्चीवरच्या मुलाचीही.

आपल्या वर्गाच्या नोंदी बघितल्या तर मास्तरांनी वाद्यांची काळजी नावानिशी लिहिली आहे, मुलांची अर्धवट. ‘तीन नंबरच्या व्हायोलिनची खुंटी फिरेना, खडू आणि साबण लावला.’ मेमधल्या दमट हवेत खुंट्या फुगतात, हा नायगावचा कायमचा त्रास. ‘हार्मोनियम चढी आहे, तिच्यावरून मिळवू नये.’ खऱ्या ऑर्केस्ट्रात ओबोच्या सुरावर सगळे मिळवतात, आपल्याकडे ओबो कधीच नव्हता, म्हणून पुढे ट्यूनिंग फोर्क आणला. ‘सेकंडवाले फर्स्टच्या मागे पळतात, वेगळे बसवले.’ सकाळी वेगवेगळ्या रांगा वेगवेगळ्या कोपऱ्यांत, दुपारी जेवून सगळे एकत्र, हे वेळापत्रक पहिल्या वहीपासून आजवर बदललेलं नाही. तारखा मात्र ‘मंगळवार’, ‘दुसरा आठवडा’, ‘उकाड्याचा दिवस’ अशा.

डबल बेस आणला तो प्रसंग वहीत दोन ओळींत आहे, पण मी तिथे होतो म्हणून सांगतो. दादरहून जुना बेस मिळाला. टेम्पोचे पैसे नव्हते. मग दुपारच्या गाडीला लगेजच्या डब्यात चढवला. डब्यात मासे विकून परतणाऱ्या कोळणी, रिकाम्या पाट्या एकात एक घातलेल्या. एक मावशी म्हणाली, “एवढा मोठा पेटारा, आत कोण झोपलंय?” मास्तरांनी तिला झाकण उघडून दाखवलं आणि बोटानं जाड तार छेडली. डबा एकदम गप्प झाला. मग सगळ्यांनी पाट्या सरकवून त्याला आडवं ठेवायला जागा केली. नायगावला उतरवताना त्याच बायकांनी खालून हात दिला. वहीत एवढंच आहे: ‘बेस आला. वास दोन दिवसांत जाईल.’

मास्तर गेल्यावर वह्या आणि वाजवायचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत भरून तात्पुरत्या मिळालेल्या एका खोलीत ठेवले. जमिनीवर ठेवले. जुलै २०१८ च्या पावसात वसईत पाणी भरलं, रुळांवर पाणी आल्यानं गाड्या बंद पडल्या, मिठागरांत माणसं अडकली. त्या चार दिवसांत ट्रंकेत पाणी शिरलं. ट्रंक विटांवर ठेवायला हवी होती आणि ते माझं काम होतं. मी ते केलं नव्हतं. पाणी ओसरल्यावर कागद उन्हात घालायची पहिली बुद्धी झाली. सुदैवानं वर्गातली एक मुलगी ग्रंथालयशास्त्र शिकत होती, ती धावत आली. उन्हात कागद वाकडे होतात आणि शाई फिकटते, असं तिनं सांगितलं. मग पंख्याखाली, प्रत्येक दोन पानांमध्ये कोरा टीपकागद, तो ओला झाला की बदलायचा. बुरशी आलेले कागद वेगळे. पेननं लिहिलेलं बरंच विरघळलं होतं. पेन्सिल राहिली. मास्तर आयुष्यभर पेन्सिलीनंच लिहीत, कारण तालमीत खुणा बदलाव्या लागतात. त्या सवयीनं वह्या वाचल्या. फर्स्ट व्हायोलिनचे जवळपास सगळे पार्ट, म्हणजे त्या वाद्याचे वाजवायचे कागद, गेले. डबल बेसचे राहिले, कारण ते तळाशी नव्हते, वरती होते. शेवटच्या उन्हाळ्यात कुणी तरी उशिरा परत केले असणार.

त्या बेसच्या पार्टपैकी एक मी या स्मरणिकेसाठी फोटो काढून दिला आहे. आडवा कागद, हातानं आखलेल्या पाच-पाच रेघा, मास्तरांच्या नोटा. वरती तीन वेगवेगळ्या मुलांची अक्षरं आहेत, म्हणजे तीन उन्हाळे तरी तो वापरला गेला. एकानं गज कुठे वर, कुठे खाली, त्या खुणा केल्या आहेत. दुसऱ्यानं तिसऱ्या ओळीच्या विश्रांतीवर मोठ्या अक्षरात ‘मोज’ लिहून खाली दोनदा रेघ मारली आहे. बारा मात्रा गप्प उभं राहायचं असतं तिथे, आणि गप्प उभं राहणं हीच बेसवाल्याची परीक्षा. तिसऱ्याचं अक्षर लहान, उजवीकडे झुकलेलं. कोपऱ्यात त्यानं किंवा तिनं आद्याक्षरं टाकली आहेत, ‘अ. रो.’ अशी काहीतरी, पण ती पाण्यानं पसरली आहेत. यादीत जुळणारं नाव सापडलेलं नाही. बेस वाजवलेल्या सगळ्यांना आम्ही विचारलं. कुणी म्हणालं नाही की हे माझं.

नव्या खोलीत पोलादी कपाट येतंय आणि ते जमिनीपासून दोन फूट उंच चौथऱ्यावर असेल. यंदाच्या वहीच्या पहिल्या पानावर तारीख, महिना, साल, हजर मुलांची पूर्ण नावं, वाद्य आणि बसायची जागा लिहिली आहे. दर शनिवारी वाजवलेल्या रचनांची नोंद त्याच दिवशी होते. ज्यांच्या घरी वर्गाचे फोटो, जुने पार्ट, निमंत्रणं, आईबापांनी लिहिलेली पत्रं, अगदी फीच्या चिठ्ठ्याही असतील, त्यांनी रविवारी मिसानंतर खोलीवर आणून दाखवाव्यात. आम्ही लगेच फोटो काढून मूळ कागद तुमच्या हातात परत देऊ, ठेवून घेणार नाही. फोटोमागे नावं लिहायची असतील तर पेननं नको, मऊ पेन्सिलीनं लिहा. आणि बेसच्या त्या पार्टवरचं अक्षर ओळखीचं वाटलं, तर येऊन सांगा.